व्यवसाय आणि व्याधी : केसपेपरावरील एका प्रश्नाचे महत्त्व

रुग्णाची तपासणी करताना वैद्याने भूक, झोप, ताप, वेदना यांची विचारपूस करावी, ही परंपरा फार प्राचीन आहे. इ. स. १७०० मध्ये इटलीतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामकऱ्यांच्या व्याधींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाचा व्यवसाय कोणता, हाही प्रश्न प्रत्येक वैद्याने आवर्जून विचारावा, असा आग्रह त्याने त्यात धरला. खाणकामगार, कुंभार, विणकर, तंबाखूचे काम करणारे अशा अनेकांच्या कामाच्या जागी जाऊन त्याने निरीक्षणे केली होती. व्यवसायजन्य रोगशास्त्राचा पाया तेथे घातला गेला, असे मानतात.

सोलापूर हे कष्टकऱ्यांचे नगर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापड गिरण्या उभ्या राहिल्या. पुढे मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबले, यंत्रमाग वाढले आणि चादर व टॉवेल यांनी नगराचे नाव दूरवर नेले. त्याच वेळी हजारो स्त्रिया विड्या वळून संसाराला हातभार लावीत राहिल्या, कित्येकींनी तर संपूर्ण संसारच त्यावर चालविला. अशा नगरात रामाझ्झिनीचा प्रश्न किती मोलाचा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घर हाच कारखाना

विडी वळणारी स्त्री मांडीवर सूप घेऊन बसते. भिजवलेले तेंदूचे पान कात्रीने मापात कापायचे, त्यात तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा आणि तोंड दुमडायचे. मजुरी हजार विड्यांवर ठरते. एका विडीत साधारणतः ०.२ ग्रॅम तंबाखू असते, असे धरले तर हजार विड्यांसाठी २०० ग्रॅम तंबाखू तिच्या बोटांखालून जाते. वर्षाचे ३०० दिवस हाच क्रम राहिला, तर हे प्रमाण ६० किलोग्रॅम होते. जिने आयुष्यात एकही विडी ओढली नाही, तिचा तंबाखूशी येणारा हा संबंध आहे.

तंबाखूतील निकोटीन केवळ धुरावाटे शरीरात जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. निकोटीन त्वचेतूनही शोषले जाते आणि त्वचा ओलसर असेल तर अधिक प्रमाणात शोषले जाते. कोरड्या तंबाखूची बारीक धूळ श्वासावाटे आत जाते, हाताला चिकटलेली धूळ भाकरीबरोबर पोटात जाते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत विडी कामगार स्त्रियांवर अभ्यास झाले. त्यांत तंबाखूचे व्यसन नसलेल्या कामगारांच्या लघवीतही कोटिनिन हा पदार्थ आढळला. शरीरात शिरलेल्या निकोटीनपासूनच तो तयार होतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, डोळ्यांची आग, सततचा खोकला या तक्रारींमागे हे कारण असू शकते.

याहून गंभीर बाब गर्भवती व स्तनदा मातांची. निकोटीन नाळेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि मातेच्या दुधातही उतरते. शिवाय येथे कामाची जागा आणि राहण्याची जागा बहुधा एकच असते. ज्या खोलीत सूप झटकले जाते, त्याच खोलीत चूल असते आणि तान्हे मूल निजते. कारखान्याचा कामगार पाळी संपली की धुळीपासून दूर जातो. या स्त्रीची पाळी संपली तरी धूळ घरातच राहते. कुंभारी येथे २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांच्या १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. हक्काच्या निवाऱ्याच्या दृष्टीने ही घटना ऐतिहासिकच होती. मात्र घर पक्के झाले तरी कामाची धूळ त्याच छपराखाली राहते, ही अडचण वेगळ्या उपायांची अपेक्षा करते.

सूत आणि रंग

कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकारास बिसिनोसिस म्हणतात. विणकामापेक्षा कापूस पिंजण्याच्या आणि कताईच्या खात्यांत त्याचा धोका अधिक असतो. त्याची खूण विलक्षण आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते आणि पुढील दिवसांत त्रास कमी होतो. प्रारंभीच्या अवस्थेत धुळीपासून दूर गेल्यास रुग्ण सुधारतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसाची हानी कायमची होते. ‘धाप कोणत्या दिवशी अधिक लागते?’ एवढे विचारल्यानेही निदानाची दिशा बदलू शकते.

सूत रंगविण्याच्या कामात दाहक सोडा, हायड्रोस आणि निरनिराळे रंग हाताळावे लागतात. त्यांनी त्वचेला चट्टे पडतात, काही रंगांच्या भुकटीने दमा जडतो. काही रसायनांचे परिणाम तर फार उशिरा दिसतात. रंगनिर्मितीच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात, हे जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले. अशा गाठी काम सुरू केल्यानंतर कित्येक वर्षांनी प्रकट होतात. म्हणून रुग्णाचे आजचे काम विचारून भागत नाही. पूर्वी कोठे, कोणते काम किती वर्षे केले, हेही विचारावे लागते.

निदान कोठे चुकते?

विडी वळणाऱ्या स्त्रीच्या केसपेपरावर व्यवसायाच्या रकान्यात पुष्कळदा ‘गृहिणी’ असे लिहिले जाते. तिला विचारले तर तीही ‘घरीच असते’ असे सांगते. त्यामुळे खोकल्याचे औषध मिळते, खोकला काही दिवस थांबतो आणि ती पुन्हा त्याच सुपापाशी बसते. यंत्रमाग कामगाराच्या बाबतीत ‘मजुरी’ हा शब्द असाच सारे झाकून टाकतो.

दुसरी चूक याच्या उलट आहे. खोकला धुळीचाच असेल, असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. व्यवसाय कळला म्हणून इतर तपासण्या टाळता येत नाहीत.

नोंदीचे महत्त्व कायद्यानेही मान्य केले आहे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या व्यक्तीसही कामगार मानले होते. बिसिनोसिससारख्या आजारांची सूचना वैद्यकीय व्यावसायिकाने शासनास देण्याचे कर्तव्य १९४८ च्या कारखाने कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही कायद्यांची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे आणि सूचनेचे हे कर्तव्य तीतही कायम आहे. परंतु जो आजार केसपेपरावर कामाशी जोडलाच गेला नाही, त्याची सूचना कोण देणार?

घरी व कामावर घ्यावयाची काळजी

१. तंबाखू झाकणाच्या डब्यात ठेवावी. काम दाराजवळ किंवा खिडकीजवळ, स्वयंपाकाच्या व मुलांच्या जागेपासून दूर करावे.

२. कोरडा झाडू मारू नये. त्याने बसलेली धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने जमीन पुसावी.

३. जेवण्यापूर्वी आणि बाळाला पाजण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. कामाचे वस्त्र वेगळे ठेवून ते वेगळे धुवावे.

४. नाकावर पदर घेतल्याने बारीक धूळ पुरेशी अडत नाही. धुळीसाठी बनविलेली मुखपट्टी वापरावी.

५. मिश्री व तंबाखूचे सेवन सोडावे. कामातून शरीरात जाणाऱ्या निकोटीनमध्ये त्याची भर पडते.

६. रंगखात्यात रबरी हातमोजे व बूट वापरावेत. डोळ्यांत रसायन गेल्यास तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धूत राहून रुग्णालय गाठावे.

हे उपाय सोपे दिसतात, पण मजुरी नगावर मिळते तेथे हात धुण्यास लागणारा वेळही मजुरीतून वजा होतो. हातमोजे घातले तर पानाचा अंदाज बोटांना येत नाही आणि विड्यांची संख्या घटते. म्हणून सारी जबाबदारी कामगारावर टाकून चालणार नाही. धूळ ओढून घेणारे पंखे, हात धुण्याची सोय, मुखपट्ट्या आणि नियतकालिक तपासणी यांचा खर्च उत्पादनाच्या खर्चातच धरला गेला पाहिजे.

रुग्णालयाचा वाटा यात लहान आहे, पण तो आपल्या हातचा आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, रुग्णाची जी भाषा असेल तीत त्याला विचारावे : दिवसभर हाताने काय करता? किती वर्षे? घरी की कारखान्यात? सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? या चार प्रश्नांना दोन मिनिटे पुरतात. वाचकांनाही विनंती आहे की, कोणत्याही दवाखान्यात जाताना आपले काम स्वतःहून सांगावे आणि ते कागदावर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. विडी वळणाऱ्या माता-भगिनींनी ‘मी घरीच असते’ एवढ्यावर न थांबता आपण कामगार आहोत, हे निःसंकोचपणे सांगावे. योग्य उपचारांची सुरुवात त्या एका वाक्यापासून होऊ शकते.