बैठी जागा आणि वावरजागा : घरगुती व्यायामसाहित्याची निवड

मर्यादित जागेच्या घरासाठी व्यायामाचे साहित्य निवडताना दोन प्रकारच्या जागांमधील फरक ध्यानात घ्यावा लागतो. उपकरण ठेवल्यावर ते जमिनीचा जो भाग अडवते, त्याला ‘बैठी जागा’ म्हणता येईल. आणि ते वापरताना हातापायांच्या हालचालींसाठी, तसेच तोल गेल्यास शरीर सावरण्यासाठी जी मोकळी जागा लागते, तिला ‘वावरजागा’ असे नाव देता येईल. माहितीपत्रकावर छापलेली लांबी-रुंदी बैठ्या जागेची असते, आणि घडीच्या यंत्रांच्या जाहिरातीत तर बहुधा घडी घातल्यानंतरच्या मापावरच भर असतो. वावरजागेचा हिशेब मात्र ग्राहकालाच करावा लागतो, आणि तो राहून गेला की पैसे तर वाया जातातच, शिवाय इजा होण्याचाही संभव असतो.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव याच चुकीचा आहे. १० फूट रुंद व १२ फूट लांब अशा झोपण्याच्या खोलीत घडीची ट्रेडमिल, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालण्याचे यंत्र, आणण्यात आले. एका भिंतीलगतच्या पलंगाने लांबीतील ५ फूट व्यापले होते. उरलेल्या ७ फुटांत साडेपाच फूट लांबीचे यंत्र व्यवस्थित मावले आणि यंत्राचे मागचे टोक व पलंगाची लाकडी कड यांच्यामध्ये दीड फूट अंतर राहिले. यंत्र मावले, एवढ्यावरच समाधान मानले गेले. काही आठवड्यांनी वेगाने चालताना पाय मागे घसरला, तेव्हा मागे फेकल्या गेलेल्या शरीराला जाण्यासाठी वाटच नव्हती. पाठ पलंगाच्या कडेला टेकली, पाय चालू पट्ट्यावर राहिले आणि नडगीची कातडी सोलून निघाली. पडताच यंत्र बंद व्हावे म्हणून कपड्याला चिमट्याने अडकवायची सुरक्षादोरी यंत्राच्या मुठीला नुसती लटकत होती. ट्रेडमिलच्या मागे सुमारे २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट, आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जागा मोकळी असावी, ही शिफारस लेखकाला नंतर कळली. यंत्राची लांबी आणि मागची ही मोकळी जागा यांची बेरीज १२ फूट होते. म्हणजेच ती खोली पूर्ण रिकामी असती, तरच त्या यंत्राला पुरली असती.

हाच हिशेब उंचीलाही लागू पडतो. मुद्गल हे तालमीतील जुने व स्वस्त साधन असले, तरी ते डोक्यामागून फिरवताना वर्तुळाकार मोकळी जागा लागते. तालमीच्या उंच छताखाली जे सहज जमते, ते छताचा पंखा आणि काचेचे कपाट असलेल्या खोलीत धोक्याचे ठरते. दोरीवरच्या उड्यांनाही पंख्याची अडचण होते, शिवाय खालच्या मजल्यावरील कुटुंबाला त्यांचा त्रास होतो. याउलट सूर्यनमस्काराला सुमारे ७ फूट लांब व ३ फूट रुंद एवढी जमीन पुरते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या व्यायामाचा हिरिरीने प्रसार केला, त्याला उपकरणच लागत नाही, हे त्याच्या प्रसाराचे एक कारण मानता येईल.

जागेनंतर गरजेचा विचार येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. यांपैकी पहिला भाग घराबाहेर भरभर चालण्याने साधतो, त्यामुळे खोली अडवणारे चालण्याचे यंत्र बहुतेकांना टाळता येते. दुसऱ्या भागात ढकलणे, ओढणे, बसून उठणे आणि कमरेतून वाकून उचलणे या मूलभूत हालचाली येतात. जोर काढल्याने ढकलण्याची आणि बैठकांनी बसून उठण्याची क्रिया होते. परंतु ओढण्याची क्रिया, जिच्यामुळे पाठीचे व खांद्यामागचे स्नायू बळकट होतात, ती केवळ जमिनीच्या आधारे नीट साधत नाही. म्हणून पहिली खरेदी ही उणीव भरून काढणारी असावी.

त्यासाठी सर्वांत कमी जागा घेणारे साधन म्हणजे ताणायचा रबरी पट्टा होय. तो जितका ताणावा तितका त्याचा विरोध वाढतो, त्यामुळे वेगवेगळ्या जाडीचे दोन-तीन पट्टे पुष्कळ काळ पुरतात. ऊन व उष्णता यांनी रबर खराब होते. म्हणून पट्टा खिडकीत टांगू नये आणि प्रत्येक वेळी तो थोडा ताणून बारीक चिरा पडल्या आहेत का हे पाहावे. दाराच्या मुठीला तो बांधू नये. दाराच्या फटीत अडकवायचा खास बंद वापरावा, दाराला कडी घालावी आणि ओढल्यावर दार अधिक घट्ट मिटेल अशाच बाजूला उभे राहावे.

दुसरे साधन म्हणजे चकत्या बदलता येणारी डंबेल्सची जोडी. स्नायू बळकट व्हायचे तर त्यांच्यावरील भार हळूहळू वाढवावा लागतो. या तत्त्वाला ‘क्रमिक भारवृद्धी’ म्हणतात, आणि ठरावीक वजनाच्या अनेक जोड्यांऐवजी एकाच सळईवर चकत्या वाढवत गेल्याने हे तत्त्व पलंगाखाली मावणाऱ्या साहित्यात पाळता येते. चकत्या लोखंडी असाव्यात, कारण सिमेंट भरलेल्या चकत्या तेवढ्याच वजनाला अधिक जाड असतात. फरशी फुटू नये म्हणून खाली रबराची जाड चटई अंथरावी. दाराच्या चौकटीत केवळ दाबाने घट्ट बसणारा लटकण्याचा दांडा मात्र गुळगुळीत दगडी चौकटीत घेऊ नये, कारण तेथे तो घसरतो. उच्च रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि वजन उचलताना श्वास कोंडून धरणे सर्वांनीच टाळावे.

कोणतेही मोठे साधन विकत घेण्यापूर्वी त्याची बैठी जागा आणि वावरजागा या दोहोंची आखणी खडूने घरातील फरशीवर करावी आणि त्या रेषा आठ दिवस राहू द्याव्यात. कपाटाचे दार त्या रेषांच्या आत येते का, रात्री उठलेल्या वृद्धांची वाट अडते का, मुलांच्या अभ्यासाची चटई कोठे सरकते, हे त्या आठ दिवसांत आपोआप दिसून येते. प्रस्तुत लेखकाने ही आखणी यंत्र विकून टाकल्यावर केली. आज त्या ७ फुटांत सकाळी सूर्यनमस्कार घातले जातात, पट्टा दारामागच्या खुंटीला असतो, आणि मोकळी राहिलेली जमीन हेच त्या खोलीतील सर्वांत उपयुक्त व्यायामसाहित्य ठरले आहे.