बांधातील शेजारी

तंजावूर जिल्हा तमिळनाडूचे भाताचे कोठार मानला जातो. येथील शेतांच्या बांधांत उंदीर व घुशी बिळे करून राहतात. त्यांना पकडण्यासाठी लावला जाणारा बांबूचा धनुष्यासारखा सापळा तंजावूरच्याच नावाने प्रसिद्ध आहे.

उंदीर केवळ धान्याची नासाडी करीत नाहीत. लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू त्यांच्या मूत्रावाटे चिखलात मिसळतात आणि अनवाणी लावणी करणाऱ्यांच्या पायांवरील जखमांतून शरीरात शिरतात.

मग उंदीर मारले की रोग संपेल का? ब्रिटनमध्ये गुरांना क्षयरोग देणाऱ्या बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्यावर १९९८ ते २००५ या काळात असाच प्रयोग झाला. जेथे बॅजर मारले, तेथील गुरांत रोग घटला; परंतु लगतच्या भागात तो वाढला. कारण गट विस्कटताच उरलेले बॅजर दूरवर भटकू लागले व त्यांचा नव्या सोबत्यांशी संपर्क आला. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात उंदीर मारल्यावर उरलेल्या उंदरांत लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अधिक आढळले.

म्हणून एकट्या शेतकऱ्याने अधूनमधून सापळे लावण्यापेक्षा साऱ्या गावाने एकाच वेळी ते लावणे आणि बांध अरुंद ठेवणे हिताचे ठरते. चिखलात उतरताना पायांचे रक्षण करावे; ताप येताच विनाविलंब वैद्यकीय उपचार घ्यावेत.