घर लेकीचं, मान भाच्याचा

प्रश्न : इंडोनेशियात एका मुस्लिम समाजात घर आणि शेती मुलींना मिळते, असं वाचलं. हे खरं आहे का? तिथे बायकांचं राज्य आहे का? आणि धर्माने सांगितलेल्या वाटणीशी या रूढीचा मेळ कसा बसतो? – एक वाचक, मिरज

उत्तर : खरं आहे. तुम्ही वाचलं ते पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांबद्दल. हा समाज ६० लाखांहून मोठा आहे. तिथे मूल आईच्या कुळाचं. कुळाला ते ‘सुकू’ म्हणतात आणि आपल्याकडे सगोत्र लग्न टाळतात तसं एका सुकूत लग्न टाळतात. ‘वडिलोपार्जित’ हा शब्द तिथे उपयोगाचाच नाही. घर आणि भातखाचरं आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे जातात.

कुळाचं घर म्हणजे ‘रुमाह गादांग’, म्हणजे मोठं घर. छपराची टोकं म्हशीच्या शिंगांसारखी आभाळाकडे वळलेली. आत लग्न झालेल्या लेकींच्या खोल्या. जुन्या चालीप्रमाणे नवरा रात्री बायकोकडे येई आणि सकाळी आपल्या आईच्या शेतावर कामाला जाई. जावयाला तिकडच्या म्हणीत जळक्या खुंटावरची राख म्हटलं आहे. वारा आला की उडाली. मुलगे थोडे मोठे झाले की झोपायलाही घरी नसत. ते ‘सुराऊ’त, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात राहत, तिथेच कुराण शिकत. पुढे नशीब काढायला परमुलखात जात. आपल्या जात्यावरच्या ओव्या माहेराच्या ओढीने भरलेल्या आहेत. मिनांगकाबाऊ घरात मात्र लेक जागच्या जागी असे आणि घर सोडायची वेळ मुलावर येई.

याला बायकांचं राज्य म्हणणं मात्र चूक ठरेल. घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या शब्दाला वजन असतं. पण कुळाचा प्रमुख, ज्याला ‘दातुक’ ही पदवी मिळते, तो पुरुषच. ही पदवी बापाकडून मुलाला जात नाही, मामाकडून भाच्याला जाते. मामाला तिथे ‘मामाक’ म्हणतात, हे वाचून तुम्हालाही गंमत वाटेल. कुळाची जमीन सांभाळायची, बहिणीच्या मुलांना वळण लावायचं, त्यांच्या लग्नात बोलणी करायची, हे सगळं मामाकाचं काम. म्हणजे मालकी बाईची, कारभार तिच्या भावाचा. मला या व्यवस्थेत सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट: नवरा वारला किंवा सोडून गेला, तरी बाईच्या डोक्यावरचं छप्पर जात नाही. याच समाजातले, इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्रपती मोहम्मद हाता १९०२ साली तिथल्या बुकित्तिंगी शहरात जन्मले. ते तान्हे असतानाच वडील गेले. ते वाढले आईच्या माणसांत.

आता धर्माचं. इस्लामी कायद्यात मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा असतो, त्यामुळे भांडण अटळ होतं, आणि ते झालंही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मक्केहून परतलेल्या सुधारकांनी जुन्या चालीरीतींवर हल्ला चढवला. या सुधारकांना ‘पादरी’ म्हणत. त्यातून पादरी युद्ध पेटलं, पुढे डच त्यात उतरले आणि १८३७ साली पादरींचं ठाणं बोंजोल पडेपर्यंत रक्त सांडत राहिलं. नंतर मक्केत इमाम झालेल्या अहमद खातिब या मिनांगकाबाऊ विद्वानानेच आपल्या लोकांच्या वारसापद्धतीवर कडाडून टीका केली. तरी रूढी टिकली, कारण लोकांनी मालमत्तेचेच दोन भाग केले. पिढ्यान्‌पिढ्या आलेली ती ‘पुसाका तिंगी’, म्हणजे उंच वारसा. ती आईच्या वंशात राहते, वाटायची नाही आणि सहसा विकायचीही नाही. माणसाने स्वतः कमावलेलं ते धर्माच्या वाटणीने मुलाबाळांना. १९५२ साली बुकित्तिंगीत धर्मपंडित आणि कुळांचे प्रमुख एकत्र बसले आणि ही विभागणी त्यांनी मान्य केली. या तडजोडीत मला शहाणपण दिसतं: दोन्ही पक्षांनी आपलं म्हणणं न सोडता एकमेकांना जागा दिली.

आज बरीच कुटुंबं नवरा, बायको आणि मुलं अशी वेगळी राहतात, बापाचा अधिकार वाढला आहे आणि कित्येक रुमाह गादांग ओस पडली आहेत. जमिनीचा नियम मात्र अजून चालू आहे.

अशी रीत पाहायला सुमात्रापर्यंत जायलाही नको. आपल्या लक्षद्वीपमधले मुसलमानही आईकडून वंश मोजतात. तिथेही मालमत्ता दोन प्रकारची: कुळाची ती ‘शुक्रवारची’, स्वकष्टाची ती ‘सोमवारची’. तिथल्या कल्पेनी बेटावर लीला दुबे यांनी अभ्यास केला. त्या माहेरच्या आंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हे त्यांचं पुस्तक १९६९ साली निघालं. ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा.