दीर्घधनुष्याची खरी किंमत

इतिहासाच्या विद्यार्थिनीने फाशांच्या खेळावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु इतिहासातील एक प्रश्न मला ग्रंथालयात नव्हे, तर अशा खेळातच प्रथम भेटला. तो प्रश्न आणि त्याचे मला सापडलेले उत्तर येथे मांडण्याचा प्रयत्न करते.

खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित जगातील पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभे करतो आणि यशापयशाचा निर्णय फाशांवर सोपवतात. पात्र तयार करताना त्याच्या शक्ती, चपळाई, बुद्धी इत्यादी गुणांना आकडे द्यायचे आणि मग त्याच्यासाठी शस्त्रे विकत घ्यायची. मी माझ्या पात्रासाठी दीर्घधनुष्य, म्हणजे इंग्रजीतील लाँगबो, घेतले. शत्रू दूर असतानाच त्याला टिपता येईल आणि आपल्याला इजा होणार नाही, एवढाच माझा विचार होता.

एका खेळात आमचा चमू अरुंद गुहेत सापडला. माझ्या वर्गमित्राचा तलवारबहाद्दर गुहेच्या तोंडाशी उभा राहिला, मी त्याच्या मागून बाण सोडत राहिले आणि अखेर तो पडला. खेळ संपल्यावर मित्र हसत म्हणाला, “तू पन्नास मोहरा मोजल्या आणि सुखरूप राहिलीस. खरी किंमत मी दिली!” बोलणे थट्टेचे होते, पण ते मला लागले. खऱ्या धनुर्धराने काय किंमत दिली असेल, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून बसला.

खेळातील हिशेब

प्रथम खेळाचा हिशेब पाहू. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे नियम मी प्रमाण धरले आहेत. दीर्घधनुष्याची किंमत पन्नास सुवर्णमोहरा. बाण लागला तर इजा आठ बाजूंच्या फाशाने ठरते. पल्ला १५० फुटांचा. त्यापुढे ६०० फुटांपर्यंत नेम धरता येतो, पण वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून त्यांतील लहान आकडा घ्यावा लागतो. आखूड धनुष्य निम्म्या किमतीत मिळते, पण त्याचा फासा सहा बाजूंचा आणि पल्ला अवघा ८० फुटांचा. सरासरी काढली तर एका बाणामागे इजेचा फरक फक्त एका गुणाचा पडतो. म्हणजे दीर्घधनुष्याचे खरे बळ इजेत नसून अंतरात आहे.

म्हणूनच हे शस्त्र केव्हा घ्यावे, याचे उत्तर भूमीवर अवलंबून आहे. उघडे माळरान, गडाचा तट, नदीचा पैलतीर अशा ठिकाणी त्याला तोड नाही. तळघरात आणि बोळात मात्र दीडशे फुटांचा पल्ला वाया जातो. शत्रू पाच फुटांच्या आत येऊन भिडला की पुन्हा दोन फाशांतील लहान आकडा आपल्या नशिबी येतो. शस्त्र ‘जड’ वर्गातील असल्याने बुटक्या जातीच्या पात्रांनाही तोच त्रास होतो. सारांश, पुढे पाय रोवून उभा राहणारा सोबती असेल, तरच मागच्या धनुर्धराला अर्थ आहे. मित्राची तक्रार नियमांच्या दृष्टीने अगदी रास्त होती.

या नियमांत दोन गोष्टी मला खटकल्या. पहिली, धनुष्याचा नेम आणि इजा दोन्ही चपळाईवर ठरतात. शक्तीचा तेथे संबंधच नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत अधिक ताठ धनुष्य घेऊन शक्तीचा लाभ मिळवण्याची सोय होती, ती या आवृत्तीत राहिली नाही. आपल्याकडच्या कथा मात्र वेगळेच सांगतात. सीतास्वयंवरात आणि द्रौपदीस्वयंवरात राजेमहाराजे प्रत्यंचा चढवतानाच हरले; नेमाची पाळी त्यानंतरची. दुसरी गोष्ट किमतीची. खेळात तलवार पंधरा मोहरांना आणि धनुष्य पन्नासला. कुशल कारागिराची मजुरी दिवसाला दोन मोहरा धरली, तर एका धनुष्याला पंचवीस दिवसांची कमाई लागते. हे खरे असेल काय?

इतिहासातील हिशेब

इंग्लंडचे दीर्घधनुष्य क्रेसी (१३४६), प्वातिए (१३५६) आणि अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) या फ्रान्सच्या भूमीवरील लढायांनी प्रसिद्ध झाले. त्या काळी साधे धनुष्य एक ते दीड शिलिंगाला, म्हणजे बारा ते अठरा पेन्सना मिळे. अ‍ॅजिनकोर्टच्या मोहिमेत धनुर्धराचा रोज सहा पेन्स होता. म्हणजे दोन-तीन दिवसांच्या पगारात धनुष्य येत असे. खेळाने हिशेब पार उलटा केला आहे. धनुष्य स्वस्तच होते. महाग होता तो ते ओढणारा माणूस.

तो किती महाग होता, हे समुद्राने जपून ठेवले होते. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १५४५ साली पोर्ट्समथजवळ बुडाले आणि १९८२ साली वर काढण्यात आले. त्यात १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण सापडले. धनुष्यांची लांबी सरासरी दोन मीटर, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा जास्त. ती ‘यू’ नावाच्या झाडाच्या लाकडाची आहेत. या झाडाचा गाभा दाब सोसतो आणि बाहेरचे कोवळे लाकूड ताण सोसते. एकाच फाळक्यात दोन्ही थर मिळत असल्याने ते आपोआप जोडधनुष्याचे काम देते. हे लाकूड इंग्लंडला पुरत नसे. म्हणून १४७२ च्या कायद्याने परदेशी मालाच्या जहाजांवर दर टनामागे चार फाळकी आणण्याची सक्ती केली होती.

ही धनुष्ये पूर्ण ओढण्यास सुमारे शंभर ते एकशे पंच्याऐंशी पौंडांचे बळ लागत असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाचकांना कल्पना यावी म्हणून सांगते, सिमेंटचे भरलेले पोते पन्नास किलोचे असते, म्हणजे एकशे दहा पौंडांचे. तेवढा किंवा त्याहून जास्त भार छातीपासून कानापर्यंत ओढायचा, तोही एका मिनिटात दहा-बारा वेळा. येथे खेळाला एक श्रेय दिले पाहिजे. खेळातील एक फेरी सहा सेकंदांची आणि तीत सामान्य पात्राचा एक बाण, म्हणजे मिनिटाला दहा. हा आकडा इतिहासाशी जुळतो. परंतु त्या गतीने चोवीस बाणांचा भाता अडीच मिनिटांत रिकामा होतो, हेही ध्यानात ठेवावे.

असे बळ ऐन तारुण्यात येऊन मिळत नाही. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने सणावारी चेंडूचे खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजी सोडून धनुर्विद्येचा सराव करण्याचा हुकूम काढला. आठव्या हेन्रीच्या काळात चोविशी ओलांडलेल्या पुरुषांनी सरावाचे हलके बाण २२० यार्डांच्या आतील लक्ष्यावर मारू नयेत, असा कायदा झाला. हे अंतर ६६० फूट होते, म्हणजे खेळातील कमाल पल्ल्याच्याही पलीकडचे! धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर याने १५४९ च्या एका प्रवचनात आपल्या बालपणाची आठवण सांगितली आहे. वडील त्याच्या वयाला आणि ताकदीला साजेसे धनुष्य आणून देत आणि तो वाढेल तसे धनुष्यही वाढवत. नुसत्या हाताने नव्हे, तर सर्व देहाचा भार घालून ओढायचे, हे त्यांनी त्याला शिकवले होते.

देहानेही याची नोंद ठेवली. ‘मेरी रोझ’वर किमान १७९ माणसांचे अवशेष मिळाले. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या खांद्याच्या फऱ्याचे टोक मूळ हाडाशी सांधलेलेच नव्हते. एरवी हे टोक तारुण्यात जुळते. वाढत्या वयापासून ताठ धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असा अर्थ संशोधकांनी लावला आहे. आपल्या एकलव्याने विद्येची किंमत अंगठ्याने दिली, ती एका दिवसात. या मुलांनी ती वर्षानुवर्षे हाडांनी दिली.

आणि सुखरूपतेचे काय? अ‍ॅजिनकोर्टला धनुर्धरांनी आपल्यापुढे टोकदार खुंट रोवले होते. चिखलात रुतलेले चिलखती फ्रेंच सरदार जवळ येऊन भिडले, तेव्हा धनुष्ये टाकून, हातोडे, कुऱ्हाडी आणि तलवारी घेऊन हीच साधी माणसे त्यांच्यावर तुटून पडली. दूर उभे राहण्याची चैन त्यांना फार वेळ लाभली नाही.

मग ते मागे का पडले?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या सैन्यातून दीर्घधनुष्य गेले. त्या काळची बंदूक भरायला वेळ लागे आणि नेमही बेताचाच असे. परंतु ती चालवायला माणूस काही आठवड्यांत तयार होई आणि तिचा मार जबर होता. पूर्वी क्रेसीला ज्या जिनोआच्या सैनिकांचा पराभव झाला, त्यांच्या खटक्याच्या धनुष्यालाही असे जन्मभराचे शिक्षण लागत नव्हते. बालपणापासून माणूस घडवण्याची परंपरा एकदा सुटली की ती हुकूम काढून परत आणता येत नाही.

खेळाने हे सारे गाळले, याबद्दल माझी तक्रार नाही. पंधरा वर्षांचा सराव फाशांवर खेळू लागलो, तर संध्याकाळ कंटाळवाणी होईल. पात्राच्या पाटीवर ‘शस्त्रात प्रवीण’ असे दोन शब्द लिहून खेळ पुढे सरकतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्या दोन शब्दांपाशी थांबले पाहिजे. लढाईच्या वर्णनात राजांची नावे येतात, तारखा येतात, शस्त्रांची नावेही येतात. ज्या मुलाचा रविवार सरावात गेला आणि ज्याचा खांदा जुळला नाही, त्याचे नाव येत नाही.

मित्राला मी हे सारे सांगितले. तो म्हणाला, “मग पुढच्या वेळी पुढे उभी राहशील?” मी होकार दिला आहे. धनुष्य माझ्याकडेच राहील. कमरेला एक कुऱ्हाडही लावणार आहे.