गुलाबी पडलेली लाल गाडी

२०१९ च्या जून महिन्यात मी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे गेलो होतो. पहिल्याच सकाळी तो मला हात धरून मागच्या अंगणात घेऊन गेला. एका मोठ्या झाडाखाली, वाळलेल्या पानांच्या ढिगात, एक बुटकी दोन आसनी गाडी उभी होती. कापडी टप, नाकाशी उघडझाप करणारे दिवे. १९९१ साली जपानमध्ये बनलेली माझदा एमएक्स-५ ही स्पोर्ट्स कार. सात-आठ वर्षे ती जागची हलली नव्हती, म्हणून भाच्याला स्वस्तात मिळाली होती.

"मामा, रंग कोणता सांगा," तो म्हणाला.

"गुलाबी," मी म्हणालो. तसा तो दिसतही होता. फळ्यावर लाल खडूने रंगवून हात फिरवावा तसा.

त्याने पाण्याचा मग आणून बॉनेटवर ओतला. पाणी जेथे जेथे पसरले तेथे गाडी लालभडक झाली! थोड्या वेळाने पाणी वाळले आणि पुन्हा गुलाबी.

पाण्याला तर रंग नसतो. मग हा लाल रंग आला कोठून आणि गेला कोठे?

याचे उत्तर शोधण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. दुधी काचेचा एक तुकडा घ्या. तिच्यातून पलीकडचे काही नीट दिसत नाही. आता तिच्या खरखरीत बाजूवर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा घट्ट दाबून लावा. तेवढ्या भागातून पलीकडचे दिसू लागेल. काच तीच आहे. फक्त तिच्यावरचे खळगे डिंकाने भरून निघाले.

गाडीच्या रंगाचेही तसेच आहे. हवेतून रंगाच्या थरात शिरताना सुमारे ४ टक्के प्रकाश पृष्ठभागावरूनच परत फिरतो. हा परतलेला प्रकाश पांढरा असतो, कारण तो रंगात शिरलेलाच नसतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर हा पांढरा प्रकाश एकाच दिशेने जातो. त्यालाच आपण चकाकी म्हणतो. बाकीच्या दिशांनी पाहणाऱ्याला आतून आलेला शुद्ध लाल प्रकाश दिसतो. पृष्ठभाग खडबडीत झाला की तोच पांढरा प्रकाश सगळीकडे विखुरतो, लालमध्ये मिसळतो, आणि लाल अधिक पांढरा म्हणजे गुलाबी! पाणी ओतले की खळगे भरतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि रंगातील राळेचा सुमारे १.५. हे दोन्ही जवळजवळचे असल्यामुळे त्यांच्या सीमेवरून जेमतेम ०.४ टक्का प्रकाश परततो. म्हणजे लाल रंग कोठे गेलाच नव्हता, तो झाकला गेला होता.

पण पृष्ठभाग खडबडीत झाला कशाने? उन्हाने. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी तितकी त्याची ऊर्जा जास्त. ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाची ऊर्जा मोलमागे सुमारे १८५ किलोज्यूल भरते. ३०० नॅनोमीटरच्या जंबुपार किरणांची सुमारे ४००. दोन कार्बन अणूंमधला साधा बंध तोडायला लागतात ३५० च्या आसपास. तेव्हा तांबडा प्रकाश या बंधाचे काही बिघडवू शकत नाही, जंबुपार किरण मात्र राळेच्या लांबलचक रेणूंचे तुकडे पाडू शकतात. तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन जाऊन चिकटतो आणि मोडतोड पुढे चालू राहते. राळ झिजून जाते, तिने धरून ठेवलेले रंगद्रव्याचे कण उघडे पडतात. बोट फिरवले की भुकटी हाताला लागते ती हीच. उन्हाळे झेललेल्या दारांचा तेलरंग असाच भुकटतो, हे तुम्ही पाहिले असेलच.

भाच्याने पॉलिशचे यंत्र विकत आणून ठेवले होते आणि त्याचे हात शिवशिवत होते. मी त्याला थांबवले, कारण मला एका प्रश्नाचे उत्तर हवे होते: रंग शिल्लक किती आहे? पॉलिश करणे म्हणजे रंगावर काही चढवणे नव्हे. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांनी वरचा खराब थर खरवडून काढणे, हे त्याचे खरे स्वरूप. काढलेला थर परत येत नाही. कारखान्यात चढवलेले सगळे थर, तळाच्या प्रायमरपासून वरच्या रंगापर्यंत, मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचा सगळा साज दोन केसांच्या जाडीचा, आणि त्यातला लाल थर त्याच्याही निम्म्याहून कमी.

आधी आम्ही एक जुनी युक्ती केली. पूर्वी ठोकर लागलेल्या जागी लांबी भरलेली असेल तर तेथे लोहचुंबक नीट चिकटत नाही. दारांना चिकटला, मडगार्डला चिकटला, बॉनेटवर ठेवला तो सरळ घसरून खाली! भाच्याचा चेहरा उतरला. सबंध बॉनेट लांबीचे असणार कसे? थोडा विचार करता उलगडा झाला: या गाडीचे वजन कमी राहावे म्हणून तिचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे केलेले आहे. जाडी मोजण्याच्या उपकरणालाही हा भेद सांभाळावा लागतो. पोलादावर ते चुंबकी प्रवर्तनाने अंतर मोजते, अ‍ॅल्युमिनियमवर धातूत निर्माण होणाऱ्या भोवरी विद्युतप्रवाहांवरून. पुढचे-मागचे बंपर प्लॅस्टिकचे, तेथे आमच्या उपकरणाचे काहीच चालेना.

मोजता मोजता मी आसनामागच्या गालिच्यावर हात टेकला आणि तो ओलाचिंब निघाला. पॉलिश तेथेच राहिले. या गाडीत टपावरून ओघळणारे पाणी आसनांमागच्या दोन भोकांतून नळीने खाली, मागच्या चाकांपुढे बाहेर पडते. झाडाच्या पानांनी दोन्ही भोके बुजली होती. साचलेले पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत उतरले होते, आणि मागच्या चाकाशेजारी रंगाला फुगे आले होते. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. तो आतून रंगाला ढकलतो, म्हणून फुगा येतो. एका फुग्यावर भाच्याने पेचकस टेकवला तर तो आरपार गेला. अशा जागेला पॉलिशचा उपयोग शून्य. तेथला गंजका पत्रा कापून नवा जोडायला गाडी पुढे गॅरेजमध्ये गेली. आम्ही लवचिक तारेने नळ्या मोकळ्या केल्या आणि आत ओतलेले पाणी चाकापुढे धो धो पडताना पाहिले. मला विचाराल तर त्या आठवड्यातले सर्वांत मोलाचे काम तेच. कोणाला दिसणार नाही एवढेच.

मग धुणे. कोरड्या फडक्याने गाडी पुसणे हा तिच्यावरचा मोठा अन्याय आहे. धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि ते रंगावर चरे पाडतात. म्हणून आधी पाण्याचा फवारा, मग दोन बादल्या: एक साबणाची, दुसरी फडके खळबळून घेण्याची.

आता एक गंमत. घासून घासून जुने झालेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांची गोल वलये दिसतील. ताट हलवा, वलयेही दिव्याबरोबर सरकतील! चरे गोल नसतातच. ते वाटेल त्या दिशेला असतात. पण प्रत्येक चरा आपल्या लांबीशी काटकोनात प्रकाश फेकतो, म्हणून प्रतिबिंबाभोवती जे आडवे पडले आहेत तेवढेच आपल्या डोळ्यांकडे चमकतात. भाच्याच्या गाडीवर सूर्याभोवती अशीच वलये होती.

धुऊनही पृष्ठभाग हाताला खरखरीत लागत होता. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे तप्त कण रंगात रुततात आणि तेथेच गंजतात. त्यांच्यासाठी थायोग्लायकोलेट असलेले द्रावण फवारतात. लोखंडाशी संयोग होताच ते जांभळे होते. गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागले. वास मात्र असा सुटला की शेजारीण खिडकी लावून बसली. उरलेसुरले कण खास चिकणमातीच्या गोळ्याने, साबणपाण्याच्या निसरड्या थरावरून फिरवून उचलले.

अखेर पॉलिश. पांढरे फडके पहिल्या घासण्यातच लाल झाले. म्हणजे या गाडीवर एकच रंगीत थर होता. नंतरच्या बहुतेक गाड्यांवर असतो तसा वरचा पारदर्शक थर नव्हता. कडांवर आम्ही चिकटपट्टी लावली होती. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेपासून मागे सरतो, त्यामुळे कडेवर तो मुळातच पातळ असतो; शिवाय यंत्राचा दाब तेथेच एकवटतो. उजव्या दिव्याच्या झाकणावरची पट्टी केव्हातरी सुटली. भाच्याच्या लक्षात येईपर्यंत तांदळाएवढा करडा ठिपका उघडा पडला होता: खालचा प्रायमर. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्यानंतर मात्र दर फेरीआधी जाडी मोजू लागला. बॉनेटचे चरे अगदी नाहीसे करायला आणखी दोन फेऱ्या लागल्या असत्या. त्याने त्या केल्या नाहीत, खोल चरे तसेच राहू दिले.

शेवटी कार्नोबा मेण. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर हे मेण धरते आणि ८० अंश सेल्सियसच्या वरच वितळते. मेणावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. अळवावरचे पाणी तुम्हाला ठाऊकच आहे. अळूच्या पानाची करामत मेणात आणि त्याच्या सूक्ष्म उंचवट्यांत मिळून असते, त्यामुळे आपले मेण तेवढे पटाईत ठरत नाही. तेही काही महिन्यांत झिजते. पण झिजते ते मेण, रंग नव्हे.

निघण्याच्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता. लाल बॉनेटवर थेंब उभे होते. भाचा मात्र गाडीखाली वाकून, मागच्या चाकापुढून पाणी बाहेर येते की नाही ते पाहत होता.