किती मिलिमीटर, किती पावलं

मिररलेस कॅमेऱ्यांनी जुन्या लेन्सना दुसरा जन्म दिला. कॅमेऱ्यातला आरसा गेला आणि सेन्सर व माउंट यांच्यातलं अंतर घटलं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी होतं, सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी आहे. मधली जागा एक पोकळ ॲडॅप्टर भरून काढतो आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर छान चालते. मग प्रश्न उरतो, घ्यायची कुठली? २८, ३५, ५०, ८५? फोकस हाताने करायचा म्हटलं की फोकल लेन्थच्या या आकड्यांचे अर्थ बदलतात. माझ्यासाठी ते कसे बदलत गेले, ते सांगते.

१. फोकल लेन्थ आधी आपली उभं राहायची जागा ठरवते. हे मला पुण्यातल्या तांबट आळीत कळलं. तिथे तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालतं. ठोक्याला ठोका लागून जातो आणि भांड्यावर चकचकीत ठशांची ओळ उमटत जाते. मला कारागिराचा हात आणि तो ठसा हवा होता. कॅमेऱ्यावर २८ मिमी होती, म्हणून जवळ सरकत गेले. शेवटी कारागीर मान वर न करता म्हणाले, “ताई, उजेड अडतोय.” दारातून येणारा उजेड हीच त्यांची कामाची बत्ती, आणि माझी सावली नेमकी भांड्यावर. ५० मिमी लावली आणि उंबऱ्याशीच थांबले. हात तेवढाच मोठा आला, ठशांवरची चमकही आली आणि त्यांचं काम चालू राहिलं. तेव्हापासून लेन्स निवडताना मी चौकटीत काय मावेल याआधी समोरच्याला किती मोकळीक हवी, हे बघते. २८ने चेहऱ्याजवळ गेलं की नाक मोठं दिसतं म्हणतात, त्यातही दोष काचेचा नसतो. आपण फार जवळ गेलेले असतो.

२. लेन्स जितकी लांब, तितकी चुकायला जागा कमी. हे वाचून माहीत होतं, पण हिशेब मांडल्यावर मी गप्पच झाले. फुल फ्रेम कॅमेरा, समोरचा माणूस दोन मीटरवर. ३५ मिमी एफ/२ ला साधारण ३९ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. ५० मिमी एफ/२ ला १९. ८५ मिमी एफ/१.८ ला जेमतेम ६. सहा सेंटिमीटर म्हणजे डोळे स्पष्ट आणि कान धूसर. त्यात माणूस श्वास घेतो, हसतो, पुढे झुकतो, आणि आपणही जागच्या जागी डुलत असतो. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून पापणीवर फोकस बसवेपर्यंत ती पापणी तिथे राहिलेली नसते. म्हणून ८५ मी बसलेल्या, स्वस्थ माणसासाठी ठेवते, तीही एफ/२.८ किंवा एफ/४ वर. खेळणाऱ्या मुलांसाठी हाताने फोकस करायची ८५ घेऊ नका, असं मी मैत्रिणींना अगदी कळकळीने सांगते.

३. वाइड लेन्सवर फोकस बघून करण्यापेक्षा आधीच लावून ठेवलेला बरा. मला वाटायचं, वाइड म्हणजे सोपं. प्रत्यक्षात चौकटीत सगळंच बारीक असतं, कडा चमकवणारं फोकस पीकिंग अर्ध्या चित्रावर चमकत राहतं आणि नेमकं काय स्पष्ट आहे ते कळत नाही. इथे जुन्या लेन्सवर कोरलेली अंतराची पट्टी कामी येते. ३५ मिमी एफ/८ वर ठेवून पाच मीटरवर फोकस केला, की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. २४ मिमीला हीच सोय सव्वा मीटरपासून मिळते. ५० मिमीला पाच मीटरच्या पुढेच. दिवेघाटात पालखी चढत असते तेव्हा गर्दीत हा फरक फार मोठा ठरतो. टाळकरी अगदी जवळून जातात, तुळस डोक्यावर घेतलेली बाई क्षणभर वळून बघते. तिथे रिंग फिरवायला वेळच नसतो. तिथे २४ लावावी, अंतर ठरवून घ्यावं आणि डोळे वारीकडे ठेवावेत. एक मात्र आहे: ही पट्टी फिल्मच्या काळातल्या छोट्या प्रिंटसाठी आखलेली होती. आज आपण मोठ्या पडद्यावर चित्र ताणून बघतो, म्हणून ॲपर्चर एफ/८ असलं तरी मी पट्टीवरच्या एफ/५.६ च्या खुणा धरते.

४. ५० मिमी स्वस्त मिळते म्हणून तिला हलकी समजू नये. त्या काळी कॅमेऱ्याबरोबर हीच लेन्स येत असे, म्हणून ती ढिगाने बनली आणि आजही सहज मिळते. छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ लायका कॅमेऱ्यावर मुख्यतः हीच फोकल लेन्थ वापरत असत. हेलिऑस ४४-२ ही जुनी लेन्स तर ५८ मिमीची, मागची पानं गरगर फिरवणारी. तिच्या प्रेमात पडायला हरकत नाही, पण ते गरगरणं प्रत्येक चित्रात नको.

५. सेन्सर लहान असेल तर आकडा दीडपट मोजायचा. एपीएस-सी सेन्सरवर (कॅननचा सोडून, तिथे १.६) ५०ची ७५ होते, म्हणजे घरातल्या घरात ती अडचणीचीच. अशा कॅमेऱ्यावर मला जुनी २८ मिमी एफ/२.८ सगळ्यात आवडते. दीडपट करता ती ४२ होते, आणि फुल फ्रेमचा कर्ण ४३ मिमी असतो, म्हणजे ती जवळजवळ नॉर्मल लेन्सच झाली.

६. कॅमेऱ्याला लेन्स कुठली ते सांगावं लागतं. जुन्या लेन्सला विजेचे संपर्क नसतात, त्यामुळे सेन्सर हलवून हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेला फोकल लेन्थ मेनूतून भरून द्यावी लागते. २८ लावलीय आणि मेनूत १३५ आहे, तर यंत्रणा गरजेपेक्षा जास्त हलते आणि चित्र उलट बिघडतं.

७. लेन्स कमी असाव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिशवीत पडून राहिलेल्या काचेला बुरशी धरते, आणि ती नेमकी न वापरलेल्या लेन्सला आधी धरते. त्याहून मोठं कारण हाताचं आहे. निकॉनची रिंग एका बाजूला फिरते, कॅननची दुसऱ्या. लेन्स सारखी बदलली की बोटांना वळणच लागत नाही. ३५ आणि ८५, एवढ्यावर माझं बहुतेक काम भागतं. पहिली एकच घ्यायची तर मी ३५ म्हणेन.

तरी माझं ऐकून लगेच घेऊ नका. तुमच्याकडे झूम असेलच. तिची कडी ३५ वर चिकटपट्टीने बांधा, ऑटोफोकस बंद करा आणि आठवडाभर घरातली माणसं, भाजीवाली, बसस्टॉप असं सगळं काढा. मग ५० वर बांधा. ज्या आठवड्यात पावलं कमी अडखळली, ती लेन्स घ्या.