आधी हाताला तेल लावा

माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं, खाडीपासून जरा वरच्या अंगाला. लहानपणीचे सगळे मे महिने तिथेच गेले. आता मी स्वतः आजी आहे, आणि वार्षिक परीक्षा संपत आल्या की लेकीचा फोन येतो, "आई, यंदा मुलांना सुट्टीत कुठे नेऊ गं?" तिला दरवर्षी जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच की मुलांना खाऊ आयता देऊ नये. तो होत असताना त्यांना तिथे बसवावं आणि त्यातलं काहीतरी काम त्यांच्याकडे सोपवावं. आजोळी हे आपोआप घडायचं. आता ते ठरवून घडवावं लागतं, पण घडतं.

१. प्रवास सुट्टीतच धरावा.

माझी आई लहानपणी बोटीने कोकणात जायची. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत मुसाकाजीला यायची. ती लांब उभी राही आणि उतारू पडावात उतरून किनाऱ्याला लागत. लाटेवर वरखाली होणाऱ्या पडावात पाय कसा टाकायचा, पोर कोणाच्या हाती द्यायचं, हे आई शेवटपर्यंत हातवाऱ्यांसकट सांगायची.

आमच्या वाट्याला एस.टी. आली. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघायचं. पनवेल, पेण, माणगाव, महाड ही गावं अंधारात दुकानांच्या पाट्यांवरून ओळखायची. पोलादपूर सुटलं की आई प्रत्येकाच्या हातावर आवळासुपारी ठेवी, कारण पुढे कशेडी घाटाची वळणं. इंजिनाचा आवाज जड झाला की झोपेतही घाट कळायचा. परशुराम घाट उतरून चिपळूण आलं की स्थानकावरच्या दिव्यांनी डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. उजाडता उजाडता हातखंबा. तिथून खिडकीतली हवाच निराळी लागे, ओलसर आणि काजूच्या बोंडांचा वास असलेली. मग पाली, लांजा, ओणी, राजापूर. ही नावं मला त्या क्रमाने आजही पाठ आहेत, आणि ती कोणी पाठ करून घेतली नव्हती.

२६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. त्याचा मला मनापासून आनंद आहे, कारण थकलेल्या माणसांना गावी नेणं शक्य झालं. माझ्या आईला तिच्या शेवटच्या वर्षांत माहेर दिसलं ते या गाडीमुळे. नातवंडांना मी मुद्दाम दिवसाच्या गाडीने नेते. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला की दोघं मोठ्याने आकडे म्हणायला लागतात. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा पूल येतो, ६४ मीटर उंच. खाली पाहिलं की माडांचे शेंडे दिसतात. मी त्यांना मोबाइल ठेवा म्हणून कधी सांगत नाही. त्या पुलावर तो आपोआप बाजूला पडतो.

२. डबा घरून न्यावा, आणि वाटेवरचा एखादाच पदार्थ विकत घ्यावा.

दशम्या दुधात भिजवलेल्या असाव्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत सुक्या खोबऱ्याची लसूणचटणी आणि लिंबाचं गोड लोणचं. ओलं खोबरं आंबतं, ते नको. वाटेत आम्हाला फक्त एक गरम बटाटावडा मिळायचा, तोही गाडी थांबेल तिथला. एकच मिळणार म्हणून त्याची वाट पाहण्यात दोन तालुके सरायचे.

३. फणस मुलांसमोर फोडावा.

मागच्या पडवीत केळीची पानं किंवा जुनी वर्तमानपत्रं पसरायची, कोयती घ्यायची, खोबरेल तेलाची वाटी जवळ ठेवायची. आम्ही गऱ्यांवर झेप घ्यायला निघालो की आजी दटावायची, "अगो, आधी हाताला तेल लाव!" फणसाचा चीक पाण्याने जात नाही, उलट पसरत जातो. तेल लावलेल्या हाताला आणि कोयतीला मात्र तो धरत नाही. शहरातल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, आणि मग फणस म्हणजे घरभर चिकटपणा एवढंच त्यांच्या मनात राहतं.

कामं वयानुसार वाटलेली असत. फोडायचा मामाने. मधली पाव काढून द्यायची मामीने. गरे सोडवायचे मोठ्या मुलांनी, आणि गऱ्यातून आठळी काढून टोपलीत टाकायची सगळ्यांत धाकट्याने. काप्या फणसाचे गरे कडक आणि कुरकुरीत, ते तसेच खायचे. बरका हातातून निसटणारा, तंतूंचा आणि रसाळ. त्याचा रस चाळणीवर घासून काढायचा आणि त्याची सांदणं करायची.

सांदणांची रीत लिहून ठेवते, कारण ती सोपी आहे आणि घराघरांतून मागे पडते आहे. तांदळाचा रवा किंचित भाजून घ्यायचा. बरक्याच्या रसात तो कालवायचा, चवीपुरता गूळ, चिमूटभर मीठ आणि ओलं खोबरं घालायचं. तासभर भिजू द्यायचं, रवा फुगला की तूप लावलेल्या वाट्यांत भरून उकडायचं. इडलीपात्रही चालतं. वर नारळाचं दूध घ्यायचं. गुळाचं माप सांगता येत नाही, फणसाच्या गोडीवर ते अवलंबून. म्हणून कालवताना चाखायचं काम मी नातवाकडे दिलं आहे. तो फार गंभीरपणे चाखतो, आणि त्याचा अंदाज आता माझ्याइतकाच पक्का झाला आहे.

आठळ्या टाकू नयेत. मिठाच्या पाण्यात उकडाव्यात किंवा चुलीच्या निखाऱ्यात भाजाव्यात. आजी उरलेल्या आठळ्या मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवायची आणि श्रावणात त्या भाजीत निघायच्या.

४. आंबा पिकेपर्यंत थांबायला शिकवावं, आणि थांबण्याला काम जोडावं.

आजोबांची अढी माडीवर असायची. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. आंबा घळाने काढायचा आणि देठ ठेवून काढायचा. देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि तिथूनच फळ नासायला सुरुवात होते. आजोबा प्रत्येक आंब्याचा देठ पाहूनच तो अढीत घालत.

पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तो शेजारच्या फळालाही पिकवतो. पेंढ्यात ऊब आणि हा वायू दोन्ही धरून राहतात, हे मला पुढे शाळेत कळलं. आजोबांना वायूचं नाव माहीत नव्हतं. पण कोणत्या कोपऱ्यातला आंबा उद्या होईल हे ते माडीच्या जिन्यावरूनच वासाने सांगत. आमचं काम रोज सकाळी पेंढा बाजूला करून आंबे उलटायचे आणि तयार झालेले वेगळे काढायचे. दाबून पाहायला सक्त मनाई. दाबलेल्या जागी फळ आतून काळं पडतं. आंबा तळहातावर घ्यायचा, देठाजवळ वास घ्यायचा, रंगाकडे पाहायचं. आठ-दहा दिवस हे चाले, आणि त्या दिवसांत मला घरातल्या सगळ्यांत विश्वासाच्या जागी नेमल्यासारखं वाटायचं.

हे मुंबईच्या फ्लॅटमध्येही होतं. मी बागायतदाराकडून कच्चीच पेटी मागवते. पेटी पलंगाखाली, पेंढ्यासकट. जिम्मा नातीकडे. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी कोणता आंबा कसा पिकवला हे बाजारात ओळखणं कठीण. डोळ्यांसमोर पिकलेल्या आंब्याची खात्री असते. पिकेपर्यंत तो फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, थंडीने पिकणं अडतं आणि चवही मरते.

५. मुलांना रायवळ आंबे भरपूर खाऊ घालावेत.

हापूस आमच्या घरी विकायला असायचा. पेट्या भरायच्या, त्या मुंबईला जायच्या, आणि त्या पैशांवर मामाचं वर्ष चालायचं. डागी निघालेले तेवढे घरात. आम्ही खरे वाढलो ते रायवळावर. एका झाडाचा आंबा दुसऱ्यासारखा नाही. एक मधासारखा गोड, एक शेपूच्या वासाचा, एक इतका आंबट की डोळे मिटावेत. रात्रीच्या वाऱ्याने पडलेले आंबे पहाटे वेचायला आम्ही धावायचो. ते बादलीभर पाण्यात घालायचे, देठाकडचा पहिला चीक पिळून टाकायचा, आणि चोखत बसायचं. कोणी मोजत नसे, कोणी पुरे म्हणत नसे.

हापसाचं मला कौतुक आहे. २०१८मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अभिमानही वाटला. पण रायवळाची झाडं तुटताना पाहते तेव्हा पोटात तुटतं. बीपासून उगवलेलं ते झाड एकुलतं असतं, गेलं की ती चव गेली. गावी कोणाच्या परड्यात असं झाड असेल तर ते राखा. मुलांना त्या झाडाखाली न्या, झाडाला घरात काय नाव आहे ते सांगा. आमच्याकडे एक "विहिरीवरचा" होता आणि एक "आत्याचा".

६. वाळवणाची राखण मुलांकडेच द्यावी.

बरक्याच्या किंवा आंब्याच्या रसात साखर घालायची, तूप चोळलेल्या ताटांत तो पातळ पसरायचा आणि उन्हात ठेवायचा. वाळला की त्यावर दुसरा थर, मग तिसरा. अशी साटं होतात. त्याच अंगणात रातांबे. ते फोडून गर आणि बिया वेगळ्या करायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. चार-पाच दिवस हे चाललं की काळीभोर सोलं तयार. काही रातांब्यांच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की लालजर्द अमृत कोकम सुटे. बियासुद्धा वाया जात नसत, त्यांच्या तेलाने आजीच्या टाचांच्या भेगा भरायच्या.

कावळे हाकलायला काठी घेऊन आम्ही पडवीत बसायचो. ढग दिसला की "ताटं उचला!" अशी हाक, आणि झोपलेलीसुद्धा धावत यायची. त्या धावपळीत भांडणं मिटायची, हे मी स्वतः पाहिलं आहे.

७. फिरायला एक दिवस पुरतो.

आम्हाला उन्हाळे गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर एकदा नेत, आणि राजापूरची गंगा आलेली असली तर तिथे. गंगा म्हणजे तिथला झरा, तो आपल्या मर्जीने येतो आणि जातो, त्यामुळे आली आहे असं ऐकल्याबरोबर सगळं घर बैलगाडीत. बाकीचे दिवस घरीच, पऱ्ह्यात डुंबण्यात आणि करवंदाच्या जाळीत.

८. परतताना शेजाऱ्यांचा वाटा आधी बांधावा.

जूनच्या पावसाआधी निघायचं असे. आजी बोचकी बांधायला बसे तेव्हा पहिली पुडी आमच्या गिरगावातल्या चाळीसाठी. साटांच्या घड्या, सोलं, काजूगर, कुळथाचं पीठ. आई घरी पोहोचल्यावर अंघोळीआधी वाटप करी, आणि ते आमच्या हातून. कोणत्या खोलीत काय द्यायचं हे तिने सांगितलेलं असे. कोणाला दात नाहीत म्हणून साट नको, आंब्याचा गोळा दे. कोणाकडे नवी सून आली आहे, तिला दोन जास्त दे. दिलेलं भांडं रिकामं कधी परत आलं नाही.

आमच्या आताच्या इमारतीत दारं बंद असतात, तरी मी नातवंडांना पाठवते. ती घंटी वाजवतात, साटाचा तुकडा देतात आणि तो कसा झाला ते सांगितल्याशिवाय हलत नाहीत. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "हे इथे मुंबईत होईल का गं?" नातीने त्यांना रस किती, साखर किती, थर किती पातळ, सगळं नीट सांगितलं. गच्चीवर ऊन किती वाजेपर्यंत राहतं आणि गच्चीची किल्ली कोणाकडे असते, हेही.